समलिंगी प्रेमकादंबऱ्या वाचताना: नागपूरच्या वाचकांचे वारंवार येणारे प्रश्न

नागपुरात आम्ही काही जण महिन्यातल्या एका रविवारी जमतो आणि दोन पुरुषांच्या प्रेमाच्या, आजच्या काळात घडणाऱ्या कादंबऱ्यांवर बोलतो. गटात गे मुलं आहेत, एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक नवरा-बायकोही आहेत. खालचे प्रश्न बैठकीत, फोनवर आणि पुष्कळदा "माझ्या एका मित्राला विचारायचं होतं" अशा सुरुवातीने आलेले आहेत. जे पुन्हा पुन्हा येतात तेवढेच इथे घेतले आहेत.

१. गे रोमान्स म्हणजे गे माणसाबद्दलची कुठलीही कादंबरी का?

नाही. या प्रकाराच्या दोन अटी आहेत. प्रेमकथा हाच कादंबरीचा कणा हवा आणि शेवटी ते दोघे एकत्र हवेत, निदान पुढचं आयुष्य एकत्र जाईल अशी खात्री वाचकाला वाटायला हवी. आपल्या व्रतांच्या कहाण्या संपतात तसं: साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. शेवट ठाऊक असूनही माणूस हातात अक्षता धरून बसून राहतो, कारण त्याला ते सगळं कसं घडलं हे ऐकायचं असतं.

सचिन कुंडलकर यांची २००६ साली आलेली 'कोबाल्ट ब्लू' घ्या. भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही सोडून जातो. मराठीतली ही महत्त्वाची कादंबरी आहे, ती वाचाच. पण ती रोमान्स नव्हे. हा फरक दर्जाचा नाही, कराराचा आहे. रोमान्स हातात घेताना लेखकाने तुम्हाला एक वचन दिलेलं असतं, ते 'कोबाल्ट ब्लू'ने कधी दिलेलंच नाही.

२. दादा, शेवट गोड होणार हे पैलेच माईत असन, तं मंग वाचाचं काहून?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली. तिच्यात दोन पुरुष शेवटी एकत्र राहतात. ती छापली गेली १९७१ मध्ये, फॉर्स्टर वारल्यानंतर. म्हणजे सत्तावन्न वर्षं हस्तलिखित मित्रांच्या हातांतून फिरत राहिलं. नंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की सुखाचा शेवट त्यांना अत्यावश्यक वाटत होता आणि त्याच शेवटामुळे ती छापणं अवघड झालं होतं. नायकाने जीव दिला असता, तर छापायला कमी अडचण आली असती.

आपल्याकडेही वेगळं नव्हतं. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. बाईवर प्रेम करणारी बाई मराठी नाटकाच्या मध्यभागी आणणं हे मोठं धाडस होतं. त्या नाटकातली मित्रा शेवटी आत्महत्या करते. मी कॉलेजात असताना ते वाचलं, रात्रभर झोपलो नाही. नाटकाचा दोष नव्हता. पण माझ्यासारख्या माणसाचा तो मला माहीत असलेला एकमेव शेवट होता, आणि एकोणीस वर्षांच्या पोराजवळ एकच शेवट असू नये.

पुढे चार वर्षांनी बर्डीत (म्हणजे आमच्या सीताबर्डीत) फूटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना एक फाटक्या पाठीची इंग्रजी प्रेमकादंबरी मिळाली. शेवटच्या प्रकरणात दोन पुरुष गॅसच्या शेगडीपाशी उभे राहून, दूध कोणी उतू जाऊ दिलं यावरून भांडत होते. बस, एवढंच. मी ते पान इतक्यांदा वाचलं की ते सुटं झालं. असं भांडण आपल्याही वाट्याला येऊ शकतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. म्हणून वाचायचं.

३. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी कादंबरी झेपेल का?

झेपेल. या कादंबऱ्यांची भाषा बोलण्याची असते आणि अर्धं पुस्तक संवादांचंच असतं. मोबाइलवर किंवा ई-रीडरवर वाचलंत तर शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ दिसतो. पण प्रत्येक शब्दाला थांबू नका. पानाला तीन-चारच शब्द पाहायचे, बाकी अंदाजाने पुढे जायचं. पहिली पन्नास पानं जड जातात, मग लेखकाच्या लकबी कळतात.

अमेरिकी कादंबऱ्यांत अडचण इंग्रजीपेक्षा संदर्भांची होते. आइस हॉकीवरच्या प्रेमकादंबऱ्या सध्या फार खपतात, आणि आमच्या गटात बर्फावरची हॉकी कोणीच पाहिलेली नव्हती. खेळाचे नियम सोडून द्या. संघ, सराव, दुखापत, प्रशिक्षकाची भीती एवढं कळलं की पुरे.

४. मराठीत अशा कादंबऱ्या नाहीतच का?

समलिंगी आयुष्यावरचं लेखन आहे. पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांनी 'पार्टनर' ही कादंबरी लिहिली, आणि लैंगिकतेवर मराठीत सोप्या भाषेत माहिती देणारी पुस्तकंही त्यांनी दिली. 'कोबाल्ट ब्लू'चा उल्लेख पहिल्या प्रश्नात आलाच आहे. पण दोन पुरुषांची, आजच्या काळातली, शेवट सुफळ होणारी आणि कुठल्याही दुकानात सहज मिळणारी मराठी प्रेमकादंबरी कोणी मागितली, तर माझ्याजवळ देण्यासारखं फार थोडं आहे. मला ही उणीव मनापासून खुपते. शेवटचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

५. नागपुरात ही पुस्तकं कुठे मिळतील?

नवी इंग्रजी पुस्तकं बहुतेक जण ऑनलाइनच मागवतात. सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे अधूनमधून एखादं सापडतं, पण ते नशिबावर आहे. तिथे "गे रोमान्स आहे का" असं विचारायची गरज नाही, इंग्रजी कादंबऱ्यांचा गठ्ठा मागा आणि मागचं पान वाचा.

वाचनालयात मात्र विचारा. एका वाचनालयात मी एकदा खरेदीच्या यादीत दोन नावं सुचवली, तर ग्रंथपालांनी यादी न वाचताच परत केली. दुसऱ्या ठिकाणी तीच दोन नावं कुठल्याही चर्चेविना घेतली गेली. ज्या शहरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला माणसं दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून पिशव्या भरभरून पुस्तकं घरी नेतात, तिथे पुस्तक मागण्याची लाज वाटायचं कारण नाही.

६. घरी कळू नये असं वाटतं. काय काळजी घेऊ?

ही भीती खरी आहे, आणि ती कोणाची किती मोठी असेल हे बाहेरून ठरवता येत नाही. आमच्या अनुभवातून सांगतो. बहुतेकांचं बिंग पुस्तकामुळे फुटत नाही, खात्यामुळे फुटतं. भावाचं आणि तुमचं ई-पुस्तकांचं खातं एक असेल, तर तुम्ही घेतलेली कादंबरी त्याच्या फोनवरही दिसते. म्हणून खातं स्वतःचं, वेगळ्या ईमेलवर काढा. किंडलवर लॉक स्क्रीनला मुखपृष्ठ दाखवण्याची सोय असते, ती बंद ठेवा. फोनवर नोटिफिकेशन बंद ठेवा. पैसे वडिलांच्या कार्डाने भरू नका. छापील पुस्तक घरी पार्सलने येत असेल, तर ते कोण उघडतं याचा आधी विचार करा.

उन्हाळ्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पडवत नाही आणि घरात एकांत नसतो. आमच्यातला एक जण मेट्रोने खापरी ते सीताबर्डी जाता-येता रोज वीस पानं वाचतो. त्याने अशा सात कादंबऱ्या संपवल्या.

७. या पुस्तकांत नको ते वर्णन फार असतं का?

काहींत भरपूर असतं, काहींत अजिबात नसतं. वाचक याला 'हीट' म्हणतात. कुठे चुंबनानंतर दार लागतं आणि पुढचं प्रकरण सकाळच्या चहाने सुरू होतं. कुठे दार उघडंच राहतं. मुखपृष्ठावर साधी रंगीत व्यंगचित्रं दिसली म्हणून आत काही नसेल असं समजू नका, हा धोका सध्या फार आहे. सुरुवातीच्या पानांवर बऱ्याचदा लेखकाची सूचना असते, हिंसा किंवा छळ असेल तर त्याचीही. ती वाचून घ्या.

ही वर्णनं आरोग्याचं पाठ्यपुस्तक म्हणून मात्र वाचू नका. कादंबरीत काळजीच्या गोष्टी एका ओळीत उरकतात. अमेरिकी पुस्तकांत 'प्रेप' हा शब्द येतो. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी घ्यायचं ते औषध आहे. ते तुमच्यासाठी आहे का, हे डॉक्टरांना विचारायचं.

८. अशी पुस्तकं बाळगणं बेकायदेशीर आहे का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलम ३७७ सारखं कलमच नाही. आणि त्याआधीही कलम संबंधांबद्दल होतं, वाचनाबद्दल नव्हतं.

अश्लीलतेचा कायदा वेगळा. न्याय संहितेचं कलम २९४ अश्लील मजकुराची विक्री, वाटप, जाहीर प्रदर्शन आणि त्यासाठी तो बाळगणं यांवर आहे. स्वतःसाठी घेतलेली कादंबरी उशाशी ठेवून वाचणं त्यात येत नाही. शिवाय प्रेमकादंबरीत शरीराचा उल्लेख आला की ती अश्लील ठरते असंही नाही. मराठी वाचकांना हे ठाऊक असायला हवं, कारण हा लढा मराठीतच लढला गेला. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्णय दिला.

त्याच्याही आधी र. धों. कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात मांडली. कर्वे हरले, त्यांना दंड झाला. ही प्रश्नोत्तरं लिहिताना ते मला सारखे आठवत होते.

एक पथ्य आम्ही पाळतो: उघड वर्णनांची पुस्तकं अठरा वर्षांखालच्या कोणालाही देत नाही. किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या, दार बंद ठेवणाऱ्या प्रेमकथा वेगळ्या मिळतात.

९. बहुतेक लेखक बायका कशा? त्यांना आमचं काय कळणार?

बहुतेक असं मोजून सांगता येणार नाही, पण पुष्कळ आहेत हे खरं. त्याला इतिहास आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'स्टार ट्रेक' मालिकेच्या चाहत्यांनी, आणि त्यांत मुख्यतः बायका होत्या, तिच्यातल्या कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांना प्रेमिक मानून गोष्टी लिहायला सुरुवात केली. दोन नावांमधल्या तिरप्या रेघेमुळे त्या लेखनाला 'स्लॅश' म्हणू लागले. साधारण त्याच काळात जपानमध्ये स्त्री चित्रकथाकार मुलामुलांच्या प्रेमकथा काढत होत्या. आजच्या गे रोमान्सच्या मोठ्या भागाची मुळं तिथे आहेत.

मीही आधी नाक मुरडायचो. आता लेखकाच्या नावाऐवजी एक गोष्ट तपासतो: या दोन पुरुषांना एकमेकांखेरीज आयुष्य आहे का? मित्र, नोकरी, आईचा न टाळता येणारा फोन, गे म्हणून आधी खाल्लेली ठोकर? ते असेल तर लिहिणारी बाई असो की पुरुष, तिने किंवा त्याने माणूस पाहिलेला आहे. नसेल तर ते दोन सुंदर पुतळे आहेत, मग पुतळे घडवणारा गे असला तरी.

१०. मी विवाहित बाई आहे, मला या कादंबऱ्या आवडतात. यात काही विचित्र आहे का?

अजिबात नाही. आमच्या निवृत्त शिक्षिकाबाई म्हणतात की स्वयंपाक कोणी करायचा हे इथे आधीच ठरलेलं नसतं, दोघांना ते बोलून ठरवावं लागतं, आणि तेच वाचायला त्यांना आवडतं. मला यापेक्षा चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

११. 'ट्रोप' म्हणजे काय? आणि एकच पलंग असला तर एवढं काय होतं? आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर दहा जण झोपतात!

ट्रोप म्हणजे कथेचा ओळखीचा साचा. आधी वैरी, मग प्रेमिक. लोकांसाठी जोडपं असल्याचं नाटक आणि ते खरं होणं. जुना प्रियकर गावी परतणं. 'स्लो बर्न' म्हणजे दोनशे पानं होईस्तोवर नुसते हात लागणं. वाचक साचा पाहूनच पुस्तक निवडतात, त्यात कमीपणा नाही. लावणी ऐकतानाही चाल ओळखीचीच असते.

पलंगाचा प्रश्न ज्याने विचारला त्याला मी दोन दिवस उत्तर देऊ शकलो नाही. मग लक्षात आलं की फरक खोलवरचा आहे. ज्या समाजात दोन पुरुष एकमेकांना सहसा शिवत नाहीत, तिथे एका पलंगावर झोपावं लागणं हीच घटना होते. आपल्याकडे दोस्त गळ्यात हात टाकून फुटाळा तलावावर फिरतात, एका चादरीत झोपतात, कोणी वळूनही पाहत नाही. मग आपल्या गोष्टीत ताण कुठून येणार? तो बहुधा उलट दिशेने येतो: रोज शेजारी झोपणारा दोस्त एके रात्री गादी थोडी लांब ओढतो, आणि का ओढली हे दोघांनाही कळतं. परदेशी साचा आपल्या गच्चीवर जसाच्या तसा बसत नाही, तो कुठे बसत नाही हे पाहणं हाच माझ्यासाठी या वाचनातला मोठा आनंद झाला आहे.

१२. शेवटी ते लग्न करतात. आपल्याकडे असं होऊ शकतं का?

कायद्याने आज नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय संसदेवर सोडला. अमेरिकेत ही मान्यता देशभर २०१५ मध्ये मिळाली, तैवानमध्ये २०१९ मध्ये, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून. त्यामुळे कादंबरीतलं लग्न वाचून मन आधी भरून येतं आणि मग खट्टू होतं, असं बरेच जण लिहितात. माझंही होतं. मात्र एकत्र राहणं हा गुन्हा नाही. लग्नाशिवाय एक घर, एक कुलूप, दोन किल्ल्या यांवर संपणाऱ्या कादंबऱ्याही आहेत. लग्नाचा शेवट फार लागत असेल तर आधी त्या वाचा.

१३. वाचून कोणी गे होतं का?

नाही. आयुष्यभर नायक-नायिकांच्या गोष्टी वाचून मी काही बदललो नाही.

१४. मुलाच्या फोनवर अशी कादंबरी सापडली. आई म्हणून काय करू?

आधी, ताई, काहीच करू नका. फोन जागेवर ठेवा. कादंबरीवरून मुलगा गे आहे असं ठरत नाही (दहावा प्रश्न पाहा). आणि असला, तर तो हे तुम्हाला कधी आणि कसं सांगेल हे त्याला ठरवू द्या. तो घरात असताना या विषयावर एखादं वाक्य मायेनं बोललात, टीव्हीवरच्या बातमीवरून का होईना, तर त्याला पुरेसं ऐकू जातं.

डॉक्टरकडे 'बरा करायला' नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. असले 'उपचार' करणं हा डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तुमचंच मन थाऱ्यावर नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था या समुदायासोबत काम करते.

मुलगा लहान असेल आणि पुस्तक मोठ्यांचं असेल, तर नियम तोच जो मुलगा-मुलीच्या प्रेमकादंबरीला लावला असता.

१५. माझं लग्न झालं आहे, मुलं आहेत, आणि ही पुस्तकं वाचून रडू येतं. वाचणं थांबवू का?

हा प्रश्न बहुधा रात्री उशिरा येतो. थांबवा किंवा वाचा, असं मी सांगणार नाही. रडू पुस्तकाने आणलेलं नाही, ते आधीपासून होतं. पण एक विनंती: पुस्तक संपवून त्याच रात्री बायकोला सगळं सांगायला किंवा घर सोडायला निघू नका. कादंबरीत कबुलीनंतरचं प्रकरण लेखकाने बेतलेलं असतं. तुमच्या घरात एका बाईचं आयुष्यही त्यात गुंतलेलं आहे, तिला कधीतरी खरं ऐकायचा हक्क आहे, आणि ते धीराने, आधी समुपदेशकाशी बोलून व्हायला हवं.

१६. गोड म्हणून घेतलं आणि शेवटी एक जण मेला! आधी कसं ओळखायचं?

पुस्तकावर 'प्रेमकथा' लिहिलं आहे म्हणून ती रोमान्स होत नाही. वाचकांच्या परीक्षणांत 'एचईए' शोधा, म्हणजे कायमचा सुखाचा शेवट. 'एचएफएन' म्हणजे तूर्तास सुखाचा. दोन्ही नसेल तर शेवटचं पान आधी वाचा. मी वाचतो, आणि ज्याने आयुष्यात पुरेशी प्रेतं वाचली आहेत त्याला तो हक्क आहे.

१७. थायलंडच्या बीएल ('बॉइज लव्ह', म्हणजे दोन मुलांच्या प्रेमाच्या) मालिका पाहिल्या आहेत. कादंबऱ्या तशाच असतात का?

नातं आहे, पण मालिकेत नजरेवर भागतं, कादंबरीत माणसाच्या मनात शिरावं लागतं. मुळांबद्दल नववा प्रश्न पाहा.

१८. मला नागपूरची अशी गोष्ट मराठीत लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

लिहा. जात, भाड्याची खोली, घरच्यांनी आणलेली स्थळं हे सगळं परदेशी कादंबरीत नसतं. तुमच्यात ते हवं, कारण आपल्याकडे दोन पोट्ट्यांना खोली देताना घरमालक आडनाव आधी विचारतो. बोली वऱ्हाडी असली तर ती विनोदी पात्राला देऊ नका, नायकाला द्या. "तू माह्या संगं राहशीन का" हे वाक्य गंभीरपणे उच्चारलेलं मला एकदा छापील पाहायचं आहे.

विदर्भाने रणजी करंडक जिंकला तेव्हापासून आमच्या गटात एकाची मागणी आहे: जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियममधल्या ड्रेसिंग रूममधला यष्टीरक्षक आणि डावखुरा फिरकीवाला. कोणीतरी ती घ्यावी. बाकी शेवट काय करायचा ते माहीत आहेच. पहिलं प्रकरण झालं की रविवारी घेऊन या, दहा पानं आम्ही मोठ्याने वाचतो आणि चहा होईपर्यंत कोणी मधे बोलत नाही.